विहीणबाईंसाठी धरलेला डबा

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. मी नाही सांगितलं तर आमचे व्याही सांगतील, आणि ते सांगायला लागले की त्यात माझी अब्रू उरत नाही. माझ्या तोंडून ऐकलंत तर थोडी तरी शिल्लक राहील.

भानगडीचं मूळ आहे पोरीच्या लग्नात. सगळं झकास झालं होतं. जेवण बराबर, मानपान बराबर. पण मंडपवाल्यानं खुर्च्या कमी टाकल्या, आणि नेमक्या आमच्या विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, अक्षता पडेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यात गुडघे दुखरे. तेव्हा तोंडानं एक शब्द बोलल्या नाहीत. पण पुढं अंकुशनगरला त्यांच्या घरी गेलो की स्वतः उठून मला, म्हणजे आपल्या इवायाला, खुर्ची द्यायच्या आणि म्हणायच्या, "बसा इवाई. आमच्याकडं खुर्च्या लई हायेत."

सांगा, उतरेल घशाखाली चहा?

अशात पोरीनं आणि जावयानं आम्हा चौघांची सहल ठरवली. मी, आमची सुमन, व्याही आणि विहीणबाई. राजस्थानात डोंगरात जुन्या काळची एक गाडी चालते. मीटरगेजचे रूळ, लाकडी बाकं, पुढं बारकंसं इंजिन, आणि दऱ्याखोरी दाखवत नेणारा गाईड. मैलोनमैल वस्ती नाही. तिकिटं मोबाईलवर आली आणि मी मनाशी ठरवलं की हीच वेळ आहे. विहीणबाईंना अशी जागा धरून द्यायची की मांडवातलं उभं राहणं त्यांनी विसरलंच पाहिजे.

आणि जागा धरणं हा तर माझा प्रांत. बदनापूरहून नवीन जालन्याला, बियाण्याच्या कंपनीत, सारा जन्म मी पॅसेंजरनं जाऊन-येऊन काढला. गाडी थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल आत, टॉवेलमागं पिशवी, पिशवीमागं मी. टॉवेल पडला की जागा आपली. हा कायदा आमच्या लाईनवर कलेक्टरसुद्धा मोडत नाही.

"अहो, तिकिटावर सीट नंबर हायेत," सुमन म्हणाली.

"नंबर तिकिटावर असतो. जागेवर माणूस बसलेला असतो," मी म्हणालो. अनुभवाचे बोल हो.

ठरल्या दिवशी सकाळी त्या स्टेशनवर पोचलो. छोटंसं दगडी स्टेशन, चहाची एक टपरी, आणि टपरीसमोर उभा एक डबा. काय डबा होता! पितळी कड्या, लाल मखमली गाद्या, खिडक्यांना पडदे. आत चार-दोन माणसं होती, तीही उभ्या उभ्या फोटो काढणारी. त्याच्या पलीकडच्या रुळावर, अगदी चिकटून, दुसरी गाडी उभी होती. साधी लाकडी बाकं. आणि लोक या डब्याला वळसा घालून तिकडं चालले होते. मला त्यांची कीव आली.

डब्याच्या दाराशी एक पाटी होती. हिंदीत आणि इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं. पण मला सांगा, माणसानं जागा धरायची की वाचत बसायचं? मी खिडकीतून टॉवेल भिरकावला. बरोबर मधल्या गादीवर पडला.

व्याही जरा घुटमळले. साखर कारखान्यात नोकरी केलेला माणूस, आयुष्यभर जीपमध्ये फिरलेला, त्यांना रेल्वेतलं काय कळणार?

"इवाई, हीच गाडी हाय ना?"

"मीटरगेजवर ल्हानाचा मोठा झालो मी. आपल्या जालन्याला बी आधी हीच लाईन होती. तुम्ही फक्त बसा."

विहीणबाईंना खिडकीशी बसवलं. त्यांनी पाय वर घेतले, गादीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई मऊ हाय हो." तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुमननं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

फोटो काढणाऱ्यांत एक गुजराती कुटुंब होतं. ते उतरायला लागले. मला राहवलं नाही.

"कां जा रहे भाईसाब? बैठ जाओ. बाद में जगा नै मिलेगी."

ते घोटाळले. मग त्यांनी आमच्या उघडलेल्या जेवणाच्या डब्याकडं पाहिलं आणि बसले. ते बसलेले पाहून आणखी दोघं चढले. त्यांना पाहून एक अख्खा ग्रुप आला. मी सगळ्यांना सरकवून सरकवून जागा करून देत होतो. बघता बघता डबा गच्च. कुणी मला पाणी दिलं, कुणी ढोकळा. सगळे मला विचारूनच बसत होते. अहो, मुख्यमंत्र्याला नसेल एवढा मान.

बराच वेळ झाला. गाडी काही हलेना.

"काय करून राह्यले इवाई हे? निघंना गाडी?" व्याह्यांनी विचारलं.

"क्रॉसिंग हाय," मी म्हणालो. "एकेरी लाईन असती. आधी ती पलीकडची सोडतील, मंग आपली."

ज्याला बदनापूर-जालना माहीत आहे, त्याला क्रॉसिंग शिकवावी लागत नाही. गुजराती काकांनी बायकोला सांगितलं, बायकोनं सासूला सांगितलं, सगळा डबा निर्धास्त झाला.

मग शिट्टी झाली. आणि आमचा डबा हलला.

"निघाली, निघाली!" पोरासोरांनी टाळ्या पिटल्या. मी ओरडलो, "गणपती बाप्पा," आणि त्या गुजराती मंडळींनी सुद्धा "मोरया" म्हटलं. विहीणबाईंनी हात जोडले.

"बघा कशी उचलली गाडी," मी म्हणालो. "धक्का तरी लागला का? जुन्या डब्याचं कामच तसं."

"बिलकुल न्हाई," व्याही म्हणाले. "पोटातलं पाणी हाललं न्हाई."

पलीकडच्या गाडीच्या खिडक्या एकेक करून मागं सरकत होत्या. त्यातली माणसं आमच्याकडं बघून जोरजोरात हात हलवत होती. एकजण तर अर्धा बाहेर येऊन काहीतरी सांगत होता. बिचाऱ्यांना बसायला नीट मिळालं नसेल, असं म्हणत मीही मोठ्या मनानं हात हलवला.

मग त्या गाडीचा शेवटचा डबा सरकून गेला. त्याच्या मागं एक बाभूळ होती. ती जागेवरून हलेना. मी हळूच मान वळवून दुसऱ्या बाजूला पाहिलं. तीच टपरी, तोच चहावाला, हातात तीच किटली. तो आमच्याकडं बघत होता.

व्याह्यांनी खाकरून विचारलं, "इवाई, झाली का क्रॉसिंग?"

मी खाली उतरलो. पुढं इंजिन नव्हतं. मागं दुसरा डबा नव्हता. रूळ होता तो डब्याएवढाच, आणि चाकं सिमेंटात बसवलेली. चहावाला शांतपणे म्हणाला, "बाबूजी, ये तो देखने का डिब्बा है."

मांडवात त्या बाईला नुसतं उभं केलं होतं. इथं परमुलुखात आणून, दऱ्या बघायच्या दिवशी, टपरीसमोर बसवून ठेवलं. पोरीला काय तोंड दाखवणार? वर सगळा डबा खिडक्यांतून माझ्याकडं बघत होता, जणू मी आता खांदा लावून डबा ढकलणार आहे. व्याह्यांकडं बघायची माझी छाती होईना.

तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. पुन्हा आली. आणि वळणावरून ती गाडी दिसली. मागं मागं, उलटी येत होती. गाईडला अर्धी बाकं रिकामी दिसली होती. तो उतरला तो धापा टाकतच.

"आप लोग इसमें क्यों बैठे थे?"

सगळ्या डब्यानं एका वेळी माझ्याकडं बोट केलं. गुजराती काकांनी तर दोन्ही हातांनी.

"बोर्ड नहीं पढ़ा?" गाईडनं मला विचारलं. सुमन पदर खोचून पुढं आली. घरी मला कसंही बोलेल, पण बाहेरच्यानं बोललेलं तिला चालत नाही.

"मराठीत कुठं लिवलंय?" ती म्हणाली.

गाईड वळून पाटीकडं बघायला लागला. आणि तेवढ्यात व्याही, एरवी मोजकं बोलणारा माणूस, छाती काढून म्हणाले, "हमारे इवाई ने जगा धरी थी. रेल्वे को वापस आना पड़ा ना?"

विहीणबाई अजून खिडकीतच होत्या. "उतरू का आता," त्यांनी विचारलं, "का आणखी येक क्रॉसिंग हाय?" आणि मग त्या हसायला लागल्या. गुडघे धरून हसल्या. सुमनला धरून उतरल्या, पुन्हा हसल्या. "जाऊ द्या इवाई. लग्नातली फेड झाली. एवढं बसवलंत की गाडी गेली तरी मी बसलेलीच."

झालं. जे मला साड्या-चोळ्या देऊन मिटवता आलं नव्हतं, ते त्या सिमेंटातल्या डब्यानं मिटवलं.

खऱ्या गाडीत आमच्या नंबराच्या जागा तशाच रिकाम्या होत्या. मग बोगदे लागले, खाली डोळे फिरतील एवढी दरी, तळाशी पाण्याची बारीक धार, पुलावर गाडी आली तशी वानरांची टोळी. विहीणबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर. पण खरं सांगू? माझं दरीकडं लक्षच नव्हतं. त्या हसत बसल्या आहेत हेच मी बघत होतो.

परतीला गाईड पुठ्ठा आणि जाड पेन घेऊन माझ्याकडं आला. "काकाजी, मराठी में आप ही लिख दीजिए."

मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "हा डबा कुठेही जात नाही." मागून व्याही म्हणाले, "जागा धरू नये, हे बी टाका." तेही टाकलं. गाईडनं ती पाटी माझ्यादेखत दाराला लावली, आणि गुजराती मंडळींनी माझा तिच्याशेजारी फोटो काढला.

आपल्याकडं लोक मराठी पाट्यांसाठी मोर्चे काढतात, काचा फोडतात. मी राजस्थानात लावून आलो. तेही नुसता बसून.