समुद्राचा तळ आणि माझी दोन मुलं

माझी सारी नोकरी रांझीच्या कारखान्यात गेली. पाणी म्हणजे आमच्यासाठी नर्मदा. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. मुलं मात्र दोघंही तिकडेच गेली. मुलगी एका संशोधन संस्थेत आहे. जहाजावरून समुद्रतळाचा गाळ काढून आणायचा आणि तपासायचा, हे तिचं काम. धाकटा मुलगा इंजिनियर. बंदरांसाठी तळ उपसायची यंत्रं बनवणाऱ्या एका खाजगी कंपनीत त्याला नोकरी मिळाली.

मागच्या उन्हाळ्यात दोघं सुट्टीवर आली होती. जेवताना मुलाने मोबाईलवर त्याच्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला. पाण्याखाली ते यंत्र चाचणीसाठी थोडासा तळ खरवडत चाललं होतं. सारा जन्म यंत्रांत काढलेला माणूस मी. मला त्याचा अभिमानच वाटला. मुलगी मात्र यंत्रामागे उठणारा गढूळ लोट बघत होती. तिचा हात ताटातच थांबला.

"हे कुठलं काम आहे?" तिने विचारलं.

त्याने एका खाडीचं नाव सांगितलं. त्याच खाडीच्या तोंडाशी ती दोन वर्षं गाळाचे नमुने घेत होती.

मग तिने मला समजेल असं सांगितलं. मेलेले जीव, नद्यांनी वाहून आणलेला पालापाचोळा तळाशी जातो, त्यातला काही गाळाखाली दबतो आणि त्यातला कार्बन हजारो वर्षं तिथेच राहतो. गाळ ढवळला की त्याला पुन्हा प्राणवायू मिळतो, सूक्ष्म जीव तो खातात, त्याचा वायू होतो. काही पाण्यात विरघळतो, काही हवेत येतो.

"किती येतो?" मुलाने विचारलं.

"नक्की कोणालाच माहीत नाही. म्हणून तर आधी मोजा म्हणून राहिली मी."

"बंदर नको का मग, दीदी? लोक काम करून राहिले, पोट आहे त्यांचं."

"मी बंदर नको म्हटलं का?"

बाहेर लू वाहत होती, कूलर गरम हवा फेकत होता. बायको म्हणाली, "चलो, जेवा आधी." कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी सुट्टी अर्धी टाकून निघून गेली.

हिवाळ्यात त्या कामाला मंजुरी देण्याआधीची जनसुनावणी झाली. कंपनीने यंत्राबद्दल उत्तरं द्यायला मुलालाच पुढे बसवलं. समोर मच्छीमार, गावकरी, आणि त्यांच्यात आमची मुलगी. तिची बोलायची वेळ आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: उडालेला गाळ किती दूर जातो, त्यातला कार्बन किती सुटतो, हे कंपनीने मोजलं आहे का? शेजारच्या साहेबांनी तयार उत्तराचा कागद त्याच्यापुढे सरकवला. मुलाने तो वाचून बाजूला ठेवला आणि सांगितलं, "नाही. आम्ही मोजलेलं नाही."

हे मला मुलीनेच फोनवर सांगितलं. ऐकून मला राग आला.

"सगळ्यांसमोर तू त्यालाच काहून विचारलं? भाऊ आहे तो तुझा."

ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर मोजलंय म्हणाला असता."

महिन्याभरात मुलाला त्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं. मंजुरी तरीही मिळाली, आणि उपसणं सुरूही झालं. बंदराचा रस्ता होतोय, तिथल्या पोरांना कामं लागली, असं तोच सांगतो. बहिणीचा विषय निघाला की "अच्छा, ठेवतो" म्हणून फोन बंद करतो.

मुलगी अजून त्याच खाडीतले नमुने काढते आहे. उपसण्याआधीचे तिच्याकडे आहेत, आता नंतरचे जमवते. किती गाळ उडाला याचा हिशेब मांडायला यंत्र किती खोल कापतं, हे तिला हवं आहे. ते भावालाच नेमकं ठाऊक. परवा तिने मला विचारलं, "बाबा, तुम्ही विचारून बघता का त्याला?"

मी अजून विचारलेलं नाही.