माया देवळाची साफसफाई

गुडघा बदलल्यावर तीन महिन्यांनी बाबा पुण्याहून आमच्याकडे लंडनला, स्टॅनमोरला आले आणि त्यांनी खालच्या सोफ्यावरच मुक्काम ठोकला. फिजिओ व्हिडिओ कॉलवर बजावत होती, जिना चढा, नाहीतर गुडघा आखडेल.

"चाळीस वर्षं गड चढलोय. आता बेडरूमचा जिना चढून दाखवू?"

सहा आठवडे हेच. काळजीनं जीव टांगणीला लागला होता, आणि डोकंही फिरलं होतं. शेवटी मी थाप मारली. वॉटफर्डच्या पुढे एक तळं आहे, तळ्यात बेट आणि बेटावर मेक्सिकोतल्या माया लोकांचं प्राचीन देऊळ.

"इंग्लंडात?"

"आणलं असेल उचलून. यांच्या म्युझियममध्ये काय कमी आणून ठेवलंय?"

हे त्यांना लगेच पटलं.

प्रत्यक्षात ते मिनी-गोल्फचं मैदान होतं आणि देऊळ म्हणजे तिथली सजावट. पूल ओलांडून गेल्यावर बाबांनी पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला, वर पाहिलं आणि भडकले. "वेली बघ केवढ्या! मुळं दगड फोडतात. कुणाचं लक्ष आहे का इथे?" दर रविवारी गडाच्या तटावरचं गवत उपटणारा माणूस तो. त्यांनी प्लास्टिकची पहिली वेल ओढली. दुसरी दोन पायऱ्या वर होती.

त्यांना थांबवायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, त्याच्या वरही आहे."

ते उपटत वर निघाले, मी वेली गोळा करत मागे. आमच्या मागे एक कुटुंब हातात गोल्फच्या काठ्या घेऊन निमूट रांगेत उभं राहिलं. खालून तिथली बाई ओरडली, "एक्स्क्यूज मी, सर! ते डेकोरेशन आहे!"

माथ्यावर पोचून बाबांनी भिंतीवर थाप मारली. ढबढब आवाज आला. त्यांनी माझ्या हातातल्या वेलींकडे पाहिलं. आता माझी खैर नाही, असं मला वाटलं.

पण ते कठडा धरून खाली बघत राहिले. "चढायचं काही नव्हतं गं," ते म्हणाले. "उतरायची भीती वाटते."

बाबांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला रडूच आलं. वेली टाकून मी एक पायरी खाली उतरले, त्यांच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पुढे केले. रांग बाजूला झाली.

अठरा पायऱ्या होत्या. एकदाही ते 'सोड' म्हणाले नाहीत.