आभाळातली नेसरी

आमच्या कोल्हापुरात सूर्याचा शब्द खाली पडू न देणारा माणूस एकच होता, आणि तो घड्याळं दुरुस्त करत असे. महाराजांच्या कृपेनं बोर्डिंगात राहून मी कॉलेजात शिकत होतो, तेव्हा या घड्याळवाल्या चाचांची ओळख झाली. त्यांची पत्रं मी लिहून देई. स्टेशनची वेळ त्यांना मान्य नव्हती. दुकानामागच्या अंगणात त्यांनी एक खिळा ठोकला होता. त्याची सावली सांगेल तीच दुपार, आणि ती स्टेशनच्या दुपारनंतर अर्ध्या तासानं येई. दुरुस्तीचं प्रत्येक घड्याळ ते त्याच वेळेला लावून परत देत. एका गूळव्यापाऱ्याची मिरजेची गाडी त्यामुळे हुकली. तो भांडायला आला तेव्हा चाचा डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, "पावणं, तुम्ही येळंवर गेलासा. गाडी लौकर गेली, त्यात घड्याळाचा काय गुन्हा?"

गाव सोडून गेलेल्या एका साहेबाची पितळी दुर्बीण त्यांच्याकडे होती. तिचं भिंग ते बायकोच्या मलमलीच्या ओढणीनंच पुसत, आणि बायको घरभर ओढणी शोधत फिरे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत असंख्य लहान ग्रह फिरतात, हे मीच त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे पाच कागद ठेवले. ताऱ्यांच्या नकाशात नसलेला एक ठिपका पाचही कागदांवर होता आणि दर वेळी थोडा सरकलेला होता.

या नव्या ग्रहाच्या नावावरून दुकानात आठवडाभर वाद झाला. महाराजांचं नाव द्या, काही इनाम तरी मिळेल, असं शेजारच्या अत्तरवाल्याचं मत. चाचांनी ते उडवून लावलं. "महाराजांस्नी मुलूख हाय की. नेसरीला काय हाय?" नेसरी हे त्यांचं गाव. वर बघत चालणारा खुळा, अशी त्यांची तिथली ख्याती.

विलायतेतल्या वेधशाळेला इंग्रजी पत्र मी लिहिलं. कागदांवर फक्त वार आणि वेळ होती. सावलीची वेळ मी मोठ्या हुशारीनं बदलून घेतली आणि वारांवरून तारखा घातल्या. त्यातल्या शुक्रवारी रात्री आभाळ भरून आलं होतं, असं मला पुसट आठवलं. चाचांना विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. कॉलेजातल्या मुलानं वार विचारायचा, याची लाज वाटली.

काही महिन्यांनी उत्तर आलं. नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, निरीक्षकानं आपली दृष्टी तपासून घ्यावी. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"माझंच डोळं गेलं म्हणायचं," चाचा म्हणाले.

त्याच आठवड्यात दुर्बीण तांबटाकडे मोडीत गेली. तिचे दोन तांबे झाले असतील. आणि चाचा गिऱ्हाइकांची घड्याळं स्टेशनच्या वेळेला लावू लागले.

पुढे एका गुरुवारी संध्याकाळी दिवा लावताना ते बायकोला म्हणाले की शुक्रवार लागला, फातिहाची तयारी कर. मी बोटांवर वार मोजले. मुसलमानी रिवाजाप्रमाणे चाचांचा वार मावळतीला बदलत होता. म्हणजे पहाटेच्या दोन नोंदी मी बरोबर लिहिल्या होत्या, पण मध्यरात्रीआधीच्या तिन्ही एकेक दिवस पुढे ढकलल्या होत्या. ग्रह बिचारा नीट चालला होता, मी त्याला लंगडा केला.

हे कबूल करायला मला तीन महिने लागले. तोवर कॉलेजच्या वाचनालयात एका विलायती मासिकात बातमी आली होती: सव्वाचार वर्षांत सूर्याभोवती फेरी घालणारा नवा लहान ग्रह सापडला. दिलेल्या कक्षेवर मी आमचे पाचही ठिपके सुधारलेल्या तारखांनी मांडले. पाचही बसले.

मग मात्र मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं. चाचा बराच वेळ हातातल्या घड्याळाचं झाकण उघडत-मिटत राहिले.

"म्हंजे ते हाय?"

"आहे, चाचा."

"मग डोळं बरं हायत माझं."

नाव काय ठेवलं, असं त्यांनी विचारलं. शोधणाऱ्यानं आपल्या मेहुणीचं दिलंय, असं मी सांगितलं.

"असू दे. चांगली असंल बाई."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पान लावून दिलं. नंतरही मी रस्त्यानं जाताना दिसलो की ते हाक मारून बसवून घेत, माझ्या आईची चौकशी करत. पत्र लिहायचं असलं की मात्र छत्री घेऊन पोस्टातल्या कारकुनाकडे जात, आणि मी दुकानात असलो तर मी जाईपर्यंत थांबत.