माहेराला निघालेली होडी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. उंब्रजला हायवेच्या कडेला माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथं उरलेले बारके स्क्रू मी एका डबीत टाकत असतो, आणि कधीतरी त्या डबीचं झाकणच बसेनासं होतं. आमच्या होडीचे किस्सेही असेच साठले. परवा एका गिऱ्हाइकाला त्यातला एक सांगायला गेलो, तर तो डोळे तपासायचे विसरून पुढचा ऐकायला बसला. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकावेत.

मंडळी मोजकीच. एक सुभेदार आबा. सैन्यात पूल बांधणाऱ्या पलटणीतून रिटायर झालेले आणि आता उसात रमलेले. दुसऱ्या त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकी. तिसरे आबांचे व्याही बापू, तासगावचे, द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड असलेले. आणि चौथा मी. आबांना बारीक स्क्रूड्रायव्हर हवा होता, तो द्यायला म्हणून गेलो आणि तिथलाच होऊन बसलो.

आता मूळ गोष्ट. काकींचं माहेर धरणात गेलं. त्या लग्न होऊन इकडं आल्या आणि पाठोपाठ गाव पाण्याखाली गेलं. भावांना तिकडं पूर्वेला, माणच्या बाजूला जमिनी मिळाल्या, घरं झाली. काकी तिथं हौसेनं जातात, पण त्याला माहेर म्हणत नाहीत, ‘भावाचं घर’ म्हणतात. गाव इतकं खोल आहे की उन्हाळ्यात पाणी आटलं तरी वर येत नाही. पलीकडच्या डोंगराला एक घळ आहे, तिच्या सरळ खाली, काठापासून बरंच आत काकींचं घर होतं. तिथं एकदा जाऊन यावं, एवढीच त्यांची इच्छा. पण स्वतः पाण्यावर जायला त्या तयार नव्हत्या. आपल्याच घराच्या डोक्यावर कसं बसायचं, म्हणायच्या. मग आबांनी ठरवलं, आपण नाही तर नाही, आपली होडी जाईल.

•

पहिली होडी मोटारीची होती. रिमोटवर चालणारी, लालभडक, आबांच्या मुलानं पुण्याहून पाठवलेली. आबांनी ती विहिरीशेजारच्या हौदात सोडली आणि काकींना बघायला बोलावलं. होडी अशी काही सुसाट सुटली की म्हशीनं दावं तोडायचंच बाकी ठेवलं.

काकींनी कानावर पदर घेतला. आबांनी मोठ्या आशेनं विचारलं, कशी आहे?

"फवारणीच्या पंपागत वराडतीया," काकी म्हणाल्या. "आमच्या घरावरनं असला दंगा न्हाई न्यायचा. तिथं आता सगळी निजल्यात."

आबांनी होडी उचलून नातवाला देऊन टाकली. त्या आठवड्यात शिडाच्या होडीचा सांगाडा आला. आवाज म्हणून नाही, नुसत्या वाऱ्यावर चालणारी. तो कोरा पांढरा सांगाडा पडवीत ठेवला होता, दोन हात लांब, आणि काकी जाता-येता त्याच्यावरून हात फिरवायच्या. शीड, दोऱ्या, शिसं, सगळं आपल्या हातानं करायचं, असा आबांचा हट्ट होता.

•

शिडासाठी कापड कुठलं घ्यायचं, यावर आमची बैठक बसली. कापड हलकं हवं, उन्हापावसात टिकणारं हवं. बापू म्हणाले, काळजी सोडा, माझ्याकडं गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत. पुढच्या खेपेला बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी घेऊन आले. आबांनी मापात कापली, मी डोलकाठीला बांधली. होडी अगदी रुबाबदार दिसत होती!

बापूंच्या शेततळ्यात ती सोडली. वारा भरपूर होता, बांधावरची बाभळ वाकत होती. होडी मात्र जागची हलेना. आबांनी दोरी ओढून पाहिली, सोडून पाहिली. मी सगळे स्क्रू परत आवळले. शेवटी काकींनी जाळीला हात लावला आणि बापूंना विचारलं, पावणं, ही शेडला कशापायी लावता?

बापूंनी सांगितलं, सावली पडावी आणि वारा आरपार जावा म्हणून. सांगता सांगता ते थांबले.

उरलेली संध्याकाळ बापू आमच्याशी फक्त द्राक्षांबद्दल बोलले.

•

दुसरं शीड पांढऱ्या छत्रीच्या कापडाचं. या वेळी कमान आबांनी हातात घेतली. ते पूल बांधणारे, तंबू ठोकणारे. प्रत्येक दोरी त्यांनी अशी ताणली की शिडावर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज यावा. एकही सुरकुती नाही. आबा चार पावलं मागं सरकून बघत होते आणि खूश होत होते.

पाण्यात गेल्यावर होडी एका अंगावर कलली आणि तशीच कललेली सरकत काठाला लागली. पुढं म्हणून जाईना. आबांनी आणखी ताण दिला, ती आणखी कलली.

काकी हौदाजवळच्या पडवीत मशीन घेऊन बसल्या होत्या, सुनेच्या ब्लाउजला टक्स घालत होत्या. तिथूनच त्यांनी सांगितलं, की अंगाला बसायचं कापड असं सपाट ठेवून चालत नाही, त्याला गोलाई द्यावी लागते. आबा म्हणाले, हे शीड आहे, ब्लाउज नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शीड काढून मशीनजवळ नेऊन ठेवलं त्यांनीच. काकींनी पट्ट्या कापून, कडेनं किंचित तिरक्या शिवून ते परत जोडलं, आणि वाऱ्यावर धरल्याबरोबर शिडाला छान पोट आलं. होडी पहिल्यांदा चालली ती त्या दिवशी. पाणी कापल्याचा जो बारीक आवाज येतो ना, तो ऐकत आम्ही चौघं कितीतरी वेळ बसलो होतो. चहा गार झाला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

•

हा किस्सा खरं तर होडी पाण्यात पडायच्या आधीचा. शिडाची होडी उलटू नये म्हणून तिच्या पोटाखाली एक पातं असतं आणि पात्याच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा. शिसं हायवेवरच्या टायरवाल्याकडं मिळालं. चाकांचा तोल साधायला लावतात ते जुने तुकडे त्यानं पिशवीभर दिले. प्रश्न साच्याचा होता. आबा म्हणाले, आकार हुबेहूब वांग्याचा आहे, तर मातीत वांगं दाबू, माती चांगली वाळवू आणि त्यात शिसं ओतू.

म्हणून आबा बाजारात गेले. आता कृष्णाकाठची वांगी काय कमी आहेत? पण आबांनी खिशातून पट्टी काढली आणि एकेक वांगं मापायला सुरुवात केली. लांबी बघायची, घेर बघायचा, वाकडं निघालं की बाजूला ठेवायचं. भाजीवाल्या मावशी बराच वेळ शांतपणे बघत होत्या.

"सुभेदार," त्या शेवटी म्हणाल्या, "कालवण करायचं हाय का पलटणीत घ्यायचं हाय?"

•

शिडाच्या होडीलाही दोरी आणि सुकाणू हलवायला रिमोट असतो, आणि ती सुरू करायचा एक नियम असतो. आधी हातातला रिमोट चालू करायचा, मग होडीतलं बटण. उलटं झालं तर दोरी ओढणारं आतलं यंत्र सैरभैर होतं, मनाला येईल तसं फिरतं. बापूंनी एकदा नेमकं उलटं केलं. यंत्रानं दोरी गुंडाळली, शीड गुंडाळलं, आणि बापूंच्या उपरण्याचं टोकही आत घेतलं. बापू पाण्याच्या कडेला ओणवे, होडी छातीशी, आणि मी माझ्या स्क्रूड्रायव्हरनं त्यांना सोडवतोय.

आबा शांतपणे म्हणाले, पाव्हणं, हुकूम देणारा आधी उभा राहतो, जवान नंतर. तेव्हापासून बापू होडीला हात लावायच्या आधी आबांकडं बघून "हुकूम हजर हाय न्हवं?" असं विचारतात. चेष्टा नाही, खरोखर विचारतात.

•

वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, हे शिकायला आम्हाला फार वेळ लागला. थोडं उजवीकडं तिरकं जायचं, वळायचं, मग थोडं डावीकडं. असं करत करत पुढं सरकायचं. धरणावर वारा घळीतून खाली येतो, म्हणजे काकींच्या घराकडं जायचं तर सगळी वाट अशीच तिरकी. आबा शेततळ्यावर सराव करायचे आणि वैतागायचे. समोर दिसतंय तिथं सरळ का जाऊ नये, हे त्यांच्या फौजी डोक्याला पटतच नव्हतं.

काकी बांधावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना सगळं लगेच कळलं.

"बाईमाणूस माहेरी असंच जातंय," त्या म्हणाल्या. "हिकडं जरा सासूचं ऐकायचं, तिकडं जरा दिराचं. सरळ कोण सोडतंय?"

त्यानंतर सराव करताना आबांची कुरकुर मी ऐकली नाही.

•

आणि मग आम्ही धरणावर गेलो. हिवाळ्यातली सकाळ होती. पाण्यावर पातळ धुकं, डोंगर अर्धाच दिसत होता, घळ मात्र स्पष्ट. काकी नवं लुगडं नेसल्या होत्या. होडीला हळदकुंकू लावलं, बापूंनी हुकूम विचारला, आबांनी रिमोट धरला. होडी निघाली.

डावीकडं तिरकी, उजवीकडं तिरकी, अशी लहान लहान होत गेली. माझे डोळे चांगले, म्हणून मी सांगायचं असं ठरलं होतं. बरोबर घळीखाली ती आली तेव्हा मी हात वर केला. काकी उठून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात वारा पडला. एकदम. धरणाचं सगळं पाणी आरशासारखं झालं आणि त्यावर ते पांढरं शीड उभं राहिलं. ना पुढं, ना मागं. आबांचा चेहरा उतरला. बॅटरी संपली तर होडी हाताबाहेर जाणार, पार भलतीकडं वाहत जाणार. त्यांनी रिमोटच्या काड्या हलवून पाहिल्या, मला पुन्हा पुन्हा विचारलं, हलली का? नाही हलली. शेवटी ते बुटाच्या नाड्या सोडायला लागले. या वयात, त्या थंड पाण्यात! बापूंनी त्यांचा दंड धरला.

"आवं, बसा की गप," काकी म्हणाल्या. नजर तिकडंच. "आत्ता तर पोचलीया. माहेरी गेलेल्या लेकीला जेवल्याबिगर कोण लावून देतंय का?"

त्यांनी फडकं सोडलं. भाकरी, झुणका, कांदा. आम्ही काठावर बसलो आणि जेवलो. समोर शीड तसंच उभं होतं, खाली त्याची सावली, आणि सावलीच्या खाली काय काय असेल ते काकींनाच ठाऊक.

हात धुवून होतायत तोवर माझ्या कपाळावरचे केस हलले. वारा आला होता. आबांनी घाईनं रिमोट उचलला.

"थांबा," काकी म्हणाल्या. "निघताना पोरगी उंबऱ्यातनं एकदा माघारी वळून बघती. वळू द्या तिला."

आबांनी काडी हलवली. तिकडं लांब ते पांढरं शीड हळूच घळीकडं वळलं, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग आमच्याकडं यायला लागलं.