कौसल्याची बारा पेरं

कळंबजवळच्या वस्तीवरच्या शाळेत नीळकंठ गुरुजी एकोणतीस वर्षं पहिलीचाच वर्ग घेत आले. वरचे वर्ग त्यांनी कधी मागितले नाहीत. पोराला आठ अधिक सात पक्कं आलं की पुढं ते कुठंही जाऊ दे, त्याला कुणी फसवू शकत नाही, असं ते म्हणायचे. आता ते काहीच म्हणत नाहीत. श्रावणात त्यांची बायको कौसल्या गेली. तेव्हापासून गुरुजी वेळेवर येतात, हजेरी घेतात, फळ्यावर लिहितात, पुसतात आणि घरी जातात.

लोक म्हणाले, गुरुजी खंबीर आहेत. खंबीर कसले डोंबलाचे. दात काढायला सुई दिली की गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं त्यांचं झालं होतं. बारामतीच्या दवाखान्यात कौसल्या चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी शुद्ध नसताना तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर हळूहळू फिरत होता. काय मोजत होती कुणास ठाऊक. गुरुजी शेजारी बसून बघत राहिले. तेव्हाही रडले नाहीत, नंतरही नाहीत. लेक उत्कर्षा बारामतीहून रोज फोन करून विचारायची, जेवलात का. ते हो म्हणायचे. जेवलेलेही असायचे, पण काय जेवलो ते आठवायचं नाही.

तर या गुरुजींची एक पद्धत इंदापूर तालुक्यातल्या शिक्षकांत चांगलीच माहीत होती. अंगठा म्हणजे पेन्सिल. उरलेल्या चार बोटांना तीन तीन पेरं, म्हणजे एका हातावर बारा. करंगळीच्या खालच्या पेरापासून चढत जायचं, उजवा हात भरला की डाव्यावर यायचं. आठ अधिक सात करताना उजवा बाराला भरतो, डाव्यावर तीन येतात. मग पोरं म्हणतात, बारा नि तीन पंधरा. सगळे याला ‘नीळकंठ गुरुजींची पेरं’ म्हणायचे. खरी गोष्ट एवढीच की ती पेरं गुरुजींची नव्हती. ती कौसल्याची होती, आणि हे गुरुजी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. तेव्हा गुरुजींच्या वर्गातली पोरं दहा बोटांवर मोजायची. बोटं संपली की खाली बसून पायाची बोटं धरायची. एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांच्यासमोर अख्खा वर्ग पाय पुढं करून गणित करत बसला. साहेबांनी वहीत जो शेरा लिहिला तो गुरुजींनी रात्रीच्या जेवणाला घरी वाचून दाखवला, तोही चिडून. कौसल्या आधी पोट धरून हसली. मग भाकरी थापायची थांबली, पिठाच्या हातानं नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि त्यांच्या एकेका पेरावर आपला अंगठा दाबत बारापर्यंत गेली. बावड्याला तिच्या वडिलांकडं उसाचं बेणं तोडायचं काम चालायचं. लागणीचे तुकडे, म्हणजे टिपऱ्या, मोजायचं काम हिच्याकडं. उजवीकडं बारा झाल्या की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं, मूठ मिटली की साठ. बोलता बोलता हजार टिपऱ्या मोजायची आणि एकही चुकायची नाही. शाळा मात्र तिनं बाहेरूनच पाहिलेली.

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी ते वर्गात करून बघितलं, आणि महिन्याभरात पोरं पायाच्या बोटांतून सुटली. आठ वर्षांनी इंदापुरात त्यांना तालुक्याचा पुरस्कार मिळाला. म्हैस व्यायला झालेली, म्हणून कौसल्या घरीच राहिली होती. मंचावर साहेबांनी कौतुकानं विचारलं, हे तुम्ही शिकलात कुणाकडून? समोर दोनशे शिक्षक. बायकोचं नाव गुरुजींच्या जिभेपर्यंत आलं आणि मागं फिरलं. घरात भाकऱ्या थापणाऱ्या अडाणी बाईनं शिकवलं, हे सांगायची त्यांना लाज वाटली. निरीक्षणातून सुचलं, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

संध्याकाळी कौसल्यानं नारळ आणि शाल देवापुढं ठेवली आणि सहज विचारलं, “कुनी इचारलं का, कुणाकडनं शिकला म्हणून?”

“न्हाय,” गुरुजी म्हणाले.

“मग तुमी तरी आपनहून काय सांगनार,” ती म्हणाली, आणि म्हशीकडं गेली.

पुढं वीस वर्षं हा विषय दोघांनी काढला नाही. ती गेल्यावर गुरुजींना त्याची आठवण रोज यायची. वाईट मात्र वाटायचं नाही. वाईट वाटायला हवं हे त्यांना कळत होतं. ते अंथरुणावर पडून वाट बघायचे, आणि काही येत नाही म्हटल्यावर कूस बदलायचे.

पौषात भवानीनगरला शिक्षकांची परिषद ठरली. केंद्रप्रमुख इंद्रजित हा तरणा, हौशी, हातातला मोबाइल खाली न ठेवणारा. या पद्धतीचा व्हिडिओ करून सगळ्या शाळांना पाठवू, गुरुजी निवृत्त व्हायच्या आत हे काम होऊ दे, असं त्यानं ठरवलं होतं. गुरुजी बरं म्हणाले. नाही म्हणायलाही थोडं काहीतरी वाटावं लागतं.

सहा पोरं घेऊन वस्तीवरच्या गेणबाच्या जीपमधून ते निघाले. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, तासभर त्यांच्या मागं मागं गेला. पोरं ट्रॉल्या मोजत होती, तीही पेरांवर. गुरुजी काचेतून बाहेर बघत राहिले.

हॉलमध्ये पोरांनी झटपट उत्तरं दिली. शेवटी राजलक्ष्मीची पाळी आली. ही आठवड्यापूर्वी सायकलवरून पडलेली, डाव्या हाताला प्लास्टर, त्यातून बोटांची नुसती टोकं बाहेर. इंद्रजितनं तिला नेमकं आठ अधिक सातच घातलं. तिचा उजवा हात बाराला भरला. तीन उरले. तिनं प्लास्टरकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं. गुरुजींचा हात टेबलावर पडला होता. पोरीनं काही न विचारता तो ओढून उलटा केला, त्यांच्या करंगळीच्या खालच्या पेरावर आपला अंगठा दाबला, मग मधल्यावर, मग वरच्यावर.

“बारा नि तीन पंधरा,” ती म्हणाली.

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. गुरुजींचा हात तसाच उलटा राहिला. एवढ्या महिन्यांत त्यांच्या हाताला कुणी हात लावला नव्हता. ती तीन पेरं तेवढी गरम झाल्यासारखी वाटत होती, बाकीचा हात पूर्वीसारखाच. पिठाच्या हाताचा तो दाब त्यांना ओळखता आला.

इंद्रजितनं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, सर, ही पद्धत तुम्हाला कशी सुचली?

“मला नाही सुचली,” गुरुजी म्हणाले. “माझी बायको कौसल्या उसाच्या टिपऱ्या अशा मोजायची. तिनं मला शिकवलं. मी इतकी वर्षं माझी म्हणून सांगितली.”

इंद्रजित गडबडला. छान झालं सर, पण घरचा भाग जरा कमी करू, व्हिडिओ तीन मिनिटांत बसवायचा आहे, म्हणाला. पुन्हा घेतलं. गुरुजींनी तीच वाक्यं त्याच क्रमानं सांगितली, वर्गात पाढा सांगावा तशी. तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हाही तीच. मग इंद्रजितनं मोबाइल खाली घेतला आणि बाईंचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. व्हिडिओच्या खाली टाकतो म्हणाला.

परत येताना पोरं झोपली. गेणबानं विचारलं, कार्यक्रम बरा झाला का. गुरुजी बरा झाला म्हणाले.

घरी आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. त्यांनी कुलूप काढलं, पाय धुतले, स्वयंपाकघरात गेले. वापर नसल्यानं तव्याला गंज चढत चालला होता. इतक्या वर्षांत परिषदेहून, बैठकीहून, कुठूनही आलं की कौसल्या काहीतरी विचारायची. आज विचारायला कुणी नव्हतं. गुरुजी पाटावर बसले आणि तिच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाले,

“इचारलं आज.”

त्यांचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर गेला, वर चढू लागला, आणि तिसऱ्या पेरावर थांबला.

“तवाबी इचारलं व्हतं गं,” ते म्हणाले, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा रडले.