अँटीव्हायरस बंद करा, घाबरू नका

पांढरकवड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पण बरीच वर्षं माझं नाव झालं ते भलत्याच कारणानं. कोणाला कुठलंही सॉफ्टवेअर पाहिजे असलं की लोक सांगायचे, त्या स्टुडिओवाल्याकडे जा. अल्बम मांडायचं, मराठी टाइप करायचं, गोरं करायचं, मागचा मंडप काढून तिथं बर्फाचे डोंगर लावायचं, सगळं माझ्याकडे होतं. विकत घेतलेलं त्यात एकही नव्हतं. हा सगळा संसार एका पेन ड्राइव्हवर मावला होता, आणि तो मी किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवून गावभर मिरवायचो. बायको म्हणायची, "मंगळसूत्र मी घालतो अन् मिरवता तुमी."

आमच्या धंद्यात याची एक रीत आहे. लग्नात दोन फोटोग्राफर असतात, एक मुलीकडचा, एक मुलाकडचा. दिवसभर दोघं एकमेकांच्या फोटोत कोपर घालतात. पण नवरा-नवरी जेवायला बसले, घास भरवण्याचे दोन-चार फोटो झाले, की दोघं मंडपामागे जनरेटरजवळ येतात, एकाचा लॅपटॉप उघडतो आणि देवाणघेवाण सुरू होते. "नवीन काय आहे?" "हे घे. मक्खन चालते." मक्खन हे आमच्याकडचं प्रमाणपत्र. त्यावर सही नसते, शिक्का नसतो, पण ज्यानं ते म्हटलं त्याच्या ताटातली जिलबी तुम्ही नुकतीच खाल्लेली असते. मग फाइल कुठून आली हे कोण विचारणार? ती आपल्या माणसाकडून आली, झालं.

तर अशाच एका लग्नानं मला धडा दिला.

लग्न केळापूरकडच्या एका तांड्यावरचं, बंजारा घरातलं. मी मुलीकडचा. नवरीची आजी, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणतो, ती कॅमेऱ्याची दुश्मन. आधार कार्ड सोडलं तर तिनं आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता, आणि आधार कार्डावर ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. पण नातीच्या लग्नात याडीनं पेटी उघडली आणि कित्येक वर्षांपूर्वी ठेवून दिलेला फेटिया-कांचळीचा पोशाख बाहेर काढला. आरसे आणि शिक्के लावलेला घागरा, तशीच चोळी, सगळं इतकं जड की दोन बाया धरून तिला नातीजवळ घेऊन आल्या. नात कानात काहीतरी बोलली आणि याडी हसली. मी बटण दाबलं. एकच फोटो. दुसरा काढेपर्यंत तिचा हात माझ्या भिंगावर होता.

आणि त्या एका फोटोत तिचे डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी याडीनं तो पोशाख उसवला. आरशांचे पट्टे कापून नातीच्या पेटीत घातले, सासरी जुन्या कपड्यावर लावून घे म्हणाली. म्हणजे तो पोशाख पुरा असा आता कुठं उरला असेल तर माझ्या त्या फोटोत. हे मला नवरीच्या भावानं सांगितलं. "भाऊ, आजीचा तेवढा मोठा करून द्या. पहिल्या पानावर."

"पहिल्या पानावर? अरे मी डोळे उघडून देतो त्यायचे!" मी म्हणालो. ही माझी जुनी खोड आहे. लोक फोटो मागतात, मी चमत्कार कबूल करतो.

मिटलेले डोळे उघडून देणारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली होती, आणि ती माझ्याकडे नव्हती. पुसदच्या एका दोस्ताला फोन केला. तोही स्टुडिओवाला. म्हणाला, "आहे ना. मक्खन चालते." एसटीच्या वाहकाबरोबर पेन ड्राइव्ह आला, रुमालात गुंडाळून. फोल्डर उघडलं. आत सॉफ्टवेअर आणि सोबत एक मराठी सूचनापत्र. काय सुरेख लिहिलं होतं! 'पहिले इंटरनेट बंद करा. नंतर अँटीव्हायरस बंद करा. लाल खिडकी आली तर घाबरू नका, ती येतेच. घड्याळाची तारीख दोन वर्षं मागे घ्या.' मी मनात म्हटलं, लिहिणारा जाणकार माणूस दिसतो. सांगणं कसं धीराचं, घरच्यासारखं.

मी अँटीव्हायरस बंद केला. लाल खिडकी आली. मी घाबरलो नाही.

नंतर चहा प्यायला गेलो. येऊन पाहतो तर पडद्यावर इंग्रजीत पत्र होतं, की तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलं आहे, किल्ली पाहिजे असेल तर परदेशी डिजिटल नाण्यांत इतके द्या. प्रत्येक फोटोच्या नावामागे कुठल्याशा अक्षरांचं शेपूट लागलं होतं. एकही उघडेना. आता तुम्ही म्हणाल, दुसरी प्रत? होती. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर होती, आणि ती डिस्क त्याच कॉम्प्युटरला लावलेली होती. मीच लावली होती, सगळं एका जागी असलं की बरं असतं म्हणून. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी कधीच पुसून टाकली होती. बाकीच्या लग्नांचे अल्बम पोचले होते. अडकलं होतं ते याडीच्या नातीचं, कारण निवडीसाठी फोटो पाहायला घरच्यांना चार महिने सवड मिळाली नव्हती.

मी पुसदला फोन लावला. "काय देल्लं बे तू मले?"

"काहून? काय झालं?"

"तू लावून पायलं होतं का?"

"म्या कायले लावू? मी तं दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर काम करतो. मुकुटबनवाला म्हने मक्खन चालते, म्हनून ठेवलं."

मुकुटबनवाला म्हणजे तिकडचा पत्रिका छापणारा. त्यालाही लावला. तो म्हणाला, "माह्या कॉम्प्युटरवर ते लागतच नाई भाऊ, लय जुना आहे. पन तुमी मक्खन म्हने, मंग मी तसंच पुढं सांगतलं."

"मी?"

"तुमीच तं देल्लं! त्या पाटनबोरीच्या लग्नात, जनरेटरपाशी. ते सूचना बी तुमच्याच हातच्या आहेत. 'घाबरू नका' असं दुसरं कोन लिवते?"

मी फोन ठेवला. आणि मग हळूहळू आठवलं. मागं कधीतरी मीच ती फाइल इंटरनेटवरून उतरवली होती. तिथं एकाच नावाच्या वीस फाइली होत्या. जिच्यापुढे वाटणाऱ्यांचा सगळ्यात मोठा हिरवा आकडा होता ती मी घेतली, कारण इतके लोक वाटत आहेत म्हणजे चांगलीच असणार. माझ्या तेव्हाच्या मशिनीवर ती चालत नव्हती. म्हणून मी लावूनही पाहिली नाही. नुसतं सूचनापत्र लिहिलं, मक्खन म्हटलं, देऊन टाकली, आणि माझ्याकडची पुसून विसरून गेलो. ती मुकुटबनला गेली, पुसदला गेली, रुमालात बसून एसटीनं परत आली. एवढ्या प्रवासात तिला कोणीही उघडलं नव्हतं. उघडणारा पहिला गाढव मी, आणि तेही स्वतःच्या सूचना वाचून, लिहिणाऱ्याचं कौतुक करत.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं तुमचा हा बॉम्ब दुसऱ्याच्या घरी नाई फुटला. आता जा अन् त्या बुढीले तोंडानं सांगा."

गेलो. कापसाची वेचणी चालू होती, दुपारी तांडा रिकामा. नवरीचा भाऊ तेवढा घरी सापडला. सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. "भाऊ, लग्नात तुमी माह्यावर किती भडकले होते, आठवते का?"

आठवत होतं. लग्नाच्या दिवशी या पठ्ठ्यानं माझं कार्ड मागून घेतलं, मोबाइलला लावलं आणि सगळे फोटो उचलले. मग मोबाइलवरून मोबाइलवर पाठवायच्या ॲपनं मांडवातल्या मांडवात वाटून टाकले. मी ओरडलो होतो, अरे हे कच्चे फोटो, यांना रंग नाही, हात नाही फिरवलेला, माझी इज्जत जाईल! त्यांनी माझ्या इज्जतीची पर्वा केली नाही. त्यामुळेच आता त्यांचं लग्न शिल्लक होतं. त्याचा स्वतःचा मोबाइल मध्ये बिघडून सगळा पुसला गेला होता, पण तांडाभर तुकडे विखुरले होते.

चार दिवस मी घरोघर फिरलो. ज्यानं त्यानं आपापलेच फोटो ठेवले होते. एकाकडे नुसता घोडा. एकाकडे नवरदेव, पण त्याच्या तोंडावर चष्म्याचं स्टिकर. एका मावशीनं हळदीचे सत्तर फोटो जसेच्या तसे जपले होते, मी त्यांच्या पाया पडणार होतो. बाया येता-जाता विचारायच्या, "काहो फोटोवाले, आमी देल्लेले फोटो चालते ना? त्यात किडे तं नाई?" आणि खो खो हसायच्या. अल्बम जवळपास जमला. याडीचा फोटो मात्र कोणाकडेच नव्हता. आजीचा एकटीचा फोटो कोण ठेवतो?

शेवटी याडीसमोर जाऊन बसलो. गुडघ्यांमुळे ती वेचणीला गेली नव्हती, बाजेवर पाय लांब करून शेंगा फोडत होती. मी म्हणालो, "याडी, तुमचा फोटो गेला. माह्या चुकीनं गेला."

तिनं शेंगा खाली ठेवल्या. कमरेच्या पिशवीतून बटनाचा मोबाइल काढला आणि म्हणाली, "माहा माह्यापाशी आहे."

तिच्या मोबाइलात गाण्यांचं एक चिमुकलं कार्ड आहे. बाजारात दुकानदार त्यात गाणी भरून देतो. लग्नाच्या दिवशी तिनं नातवाला दम देऊन त्या कार्डात आपला फोटो टाकून घेतला होता, आणि नातू ते विसरूनही गेला होता. मी फोटो शोधला. गाण्यांच्या खाली फक्त एक नंबर होता. उघडायला गेलो तर पडद्यावर आलं, फाइल मोठी आहे. एवढा मोठा फोटो त्या बिचाऱ्या मोबाइलच्या आवाक्यातला नव्हता.

"म्हणजे तुमी कधी पाह्यलाच नाही?"

"नाई. पन आहे ना त्याच्यात?"

त्या नंबराखाली तिचा फोटो होता की घोडा, देवाला ठाऊक. माझ्या पिशवीत तोच कुलूप लागलेला लॅपटॉप होता, दुरुस्त करून आणलेला. कार्ड काढून त्यात लावलं असतं तर क्षणात कळलं असतं. याडीनं ती पिशवी पाहिली.

"त्या मशीनीत टाकतो का? तिची बिमारी गेली?"

इतकी वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं, बिनधास्त टाका. ते जिभेवर आलंही. पण जगात ती एकच प्रत होती. मी म्हणालो, "मले माहीत नाही, याडी. त्या मशीनीत टाकू नका."

मग ब्लूटूथ. कार्ड जागचं हलवायचं नाही, तिच्या मोबाइलवरून माझ्या मोबाइलवर फोटो घ्यायचा. दोन्ही मोबाइल बाजेवर शेजारी ठेवले. दोन्हींवर एक आकडा आला आणि तिचा मोबाइल किणकिणला.

"काय म्हनते हा?"

"विचारते, समोरच्याले ओळखता का. भरोसा असंन तं हो म्हना."

याडीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओयखतो म्हनूनच तं इचार करून राह्यलो."

आणि बटण दाबलं.

जुना मोबाइल, हळू चालला होता. मध्येच सुटू नये म्हणून तिनं दोन्ही मोबाइलांवर पंजा ठेवला, पळणारी कोंबडी दाबून धरावी तसा. दहा टक्के झाले, तीस झाले. पन्नासवर अडकलं, तसा तिनं पंजा आणखी दाबला. पुन्हा सरकलं. आलं. मी उघडलं.

घोडा नव्हता. आरसे, शिक्के, नातीचा खांदा आणि याडी.

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "डोये मिटले माहे."

"हाव. ते उघडाच्या नादातच सगळं झालं. सांगा तं पुन्हा..."

"राहू दे तुहं उघडनं! हासून राह्यलो मी. हासताना मिटतेतच." मग पोशाखावर बोट फिरवत म्हणाली, "आता हा पोट्ट्याले धाड. अन् पोरीले धाड तिच्या सासरी. एका जागी नको ठिवू."

मी तिथंच बसून पाठवला. पाठवताना सवयीनं खाली 'मक्खन' लिहिलं होतं. ते पुसलं आणि लिहिलं, 'स्वतः उघडून पाहिला आहे.'