जलपर्णीची भाजावळ

कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आमचा महिपत गेली सहा वर्षं जलपर्णी काढतो. वय अठ्ठावन्न. कंत्राटदाराने दिलेले रबरी बूट पहिल्याच वर्षी फाटले, दुसरे मागायचा त्यालाच कंटाळा आला. अंगाला खाज सुटते, कंबर धरते, आणि साफ केलेली जागा पंधरा दिवसांत पुन्हा हिरवीगार. असलं काम वैऱ्यालाही मिळू नये.

जलपर्णीची मुळं पाण्यातलं शिसं, क्रोमियम शोषून घेतात, हे कारखान्याच्या साहेबांनी त्याला समजावलं होतं. झाडं वेळेवर काढायची, काठावर सुकवायची, मग ट्रक ती घातक कचऱ्याच्या जागी नेणार. झाडं आपलं काम इमानाने करतात. ट्रक मात्र महिना महिना फिरकत नाही, आणि काठावर ढीग वाढत जातात.

घरी महिपतने बायकोला, काशीला, एवढंच सांगितलं होतं, "ती जलपर्णी गुरांना घालू नको." कारण सांगितलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी त्याला काम सोडायला लावलं असतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी तो घरी आला, तर शेताच्या कोपऱ्यात धूर. पेरणीआधी भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा, शेण पसरून भाजायची, ही आपली भाजावळ. काशी काठीने विस्तव सारखा करत होती. जळत होती ती सुकलेली जलपर्णी.

"ही कुणी आणली?"

"मीच, तळ्याकाठच्या ढिगातली. गुडघं दुखतात, डोंगरात फांद्या तोडाया कोन जातंय? गुरांना एक काडी घातली नाय हां."

त्याला तिच्यावर राग येईना. स्वतःचीच लाज वाटत होती. शिसं जळून जात नाही, राखेतून मातीत उतरतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने तिला सगळं सांगून टाकलं आणि फावडं मागितलं. वरची वीतभर माती काढू, औंदा रोपं दुसरीकडे करू, असं तो घाईघाईने बोलत राहिला.

काशी जागची हलली नाही.

"आवो, गेल्या सालीबी मी हीच भाजली," ती म्हणाली. "त्याच भाताचे तांदूळ मुंबैला आपल्या सानिकाला धाडले. बाळाच्या पेजेला घरचे असावेत म्हणून."

महिपतने खिशातून मोबाइल काढला. लेकीचा नंबर लावला.